शर्यतीच्या गाडीचा रंग कोणाच्या पैशाचा?

१/ जुन्या मोटार शर्यतींच्या छायाचित्रांवर प्रेम करणाऱ्या कोणालाही सर्वांत सुंदर गाडी कोणती असे विचारा, उत्तर बहुधा एकच येते: १९७२ ची लोटस. काळाभोर देह आणि त्यावर सोन्याच्या तारेसारख्या बारीक रेघा. याच गाडीतून ब्राझीलचा एमर्सन फिटिपाल्डी वयाच्या २५ व्या वर्षी जगज्जेता झाला. गाडी देखणी होती यात वाद नाही. वाद पुढे आहे. ती रंगसज्जा 'जॉन प्लेअर स्पेशल' या सिगारेटच्या पाकिटावरून उचललेली होती. इतकी, की गाडीलाही तेच नाव दिले गेले होते.

२/ आपण सारे इतिहासाचे विद्यार्थी म्हणवतो. नाणे हाती आले की छाप कोणाची, टांकसाळ कोणती, हे पाहतो. ताम्रपट सापडला की दान कोणी, कोणाला आणि कशासाठी दिले हे वाचतो. शर्यतीच्या गाडीसमोर मात्र ही सवय सुटते आणि आपण 'काय सुंदर!' म्हणून पुढे जातो. माझे मत असे, की गाडीचा रंग हाही एक दानलेखच आहे, आणि तो वाचल्यावाचून त्या गाडीचा इतिहास सांगू नये.

३/ या विषयाचे एक लाडके कथानक आहे. पूर्वी गाड्या देशाच्या रंगात, देशाच्या मानासाठी धावत. मग १९६८ साली जाहिराती आल्या आणि खेळ बाटला. ऐकायला गोड आहे. परंतु मूळ कागद पाहू लागलो की त्यातला पूर्वार्ध टिकत नाही.

४/ देशांचे रंग आले ते १९०० सालापासून भरू लागलेल्या गॉर्डन बेनेट चषकाच्या शर्यतींतून. फ्रान्सला निळा, जर्मनीला पांढरा, बेल्जियमला पिवळा, अमेरिकेला तांबडा. हा चषक ठेवणारे जेम्स गॉर्डन बेनेट हे 'न्यूयॉर्क हेरल्ड' या वृत्तपत्राचे मालक. शर्यत भरवावी, बातमी घडवावी आणि ती आपणच छापावी, हा त्यांचा व्यवसाय. शिवाय नियम असा, की गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात बनलेला हवा. म्हणजे तो रंग त्या देशाच्या कारखानदारीची जाहिरात करीत होता. जाहिरातशून्य असा काळ या खेळात मला तरी सापडलेला नाही.

५/ ब्रिटनच्या प्रसिद्ध हिरव्या रंगाचेच पाहा. ब्रिटनमधील रस्त्यांवर शर्यतीस मुभा नव्हती, म्हणून १९०३ ची शर्यत आयर्लंडमध्ये घेतली गेली, आणि हिरवा रंग त्या यजमानपणाशी जोडला जातो. त्या वेळी आयर्लंड ब्रिटिश सत्तेखाली होते. ज्या बेटावर स्वराज्याची मागणी धुमसत होती, त्याचा हिरवा रंग पुढे साम्राज्याचा अभिमानाचा रंग ठरला. वसाहतींचा इतिहास वाचलेल्या आपल्या पिढीला यात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

६/ आता चंदेरी रंग. जर्मन गाड्या पांढऱ्या असत. १९३४ साली वजनाची मर्यादा ७५० किलो ठरली, मर्सिडीजची गाडी एका किलोने अधिक भरली, तेव्हा संघप्रमुख आल्फ्रेड न्यूबाउर यांनी रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि खाली उघडी पडलेली धातूची चमक जगाला दिसली, ही कथा तुम्ही शंभरदा ऐकली असेल. अभ्यासकांना ती आता फारशी पटत नाही. १९३२ मध्येच बर्लिनच्या आवुस मार्गावर मर्सिडीजची चंदेरी गाडी धावून गेली होती.

७/ माझ्या दृष्टीने रंग खरवडला की नाही हा प्रश्न गौण आहे. त्या कथेच्या गोडव्यात जे झाकले जाते ते महत्त्वाचे. डाइमलर-बेंझ आणि आउटो युनियन या दोन्ही कंपन्यांना शर्यतीसाठी नाझी सरकारचे अनुदान मिळत होते आणि गाड्यांवर स्वस्तिक रंगवलेले असे. आउटो युनियनचा लाडका चालक बेर्न्ड रोझमायर एस. एस. संघटनेत सामील करून घेतला गेला होता. २८ जानेवारी १९३८ रोजी महामार्गावर वेगाचा विक्रम करताना तो मेला आणि राजवटीला एक हुतात्मा मिळाला. त्या चंदेरी रंगामागेही प्रायोजक होताच. त्याचे नाव सिगारेटच्या पाकिटावर नव्हते, एवढाच फरक.

८/ आणि फेरारीचा पवित्र तांबडा? १९६४ मध्ये इटलीच्या मोटार संघटनेशी भांडण झाले (एका गाडीला स्पर्धेची मान्यता मिळवून देण्यात तिने साथ दिली नाही म्हणून), तेव्हा एन्झो फेरारी यांनी वर्षाच्या अखेरच्या दोन शर्यतींत गाड्या निळ्या-पांढऱ्या करून उतरवल्या. जॉन सर्टीझ त्या वर्षीचा जगज्जेता ठरला तो मेक्सिकोत, निळ्या-पांढऱ्या फेरारीतून. राष्ट्रीय रंग हा हट्टाच्या वेळी बाजूला ठेवता येणारा अंगरखा होता. सर्टीझ हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येईल.

९/ मग १९६८ मध्ये नवे काय घडले? त्यापूर्वी युरोपात तेल, टायर, प्लग बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा होताच. त्यांच्या चिठ्ठ्या गाडीवर लहानशा जागेत असत. अमेरिकेत तर इंडियानापोलिसच्या गाड्या कित्येक दशके पैसे देणाऱ्याच्या नावाने धावत होत्या. १९५८ मध्ये मॉन्झाला स्टर्लिंग मॉसने चालवलेली मासेराती एका इटालियन आइस्क्रीम कंपनीच्या नावाने पांढरीशुभ्र रंगवलेली होती. आइस्क्रीम! सुरुवात किती निरागस.

१०/ नव्या अध्यायाचे कारण मात्र शर्यतीच्या मार्गावर सापडत नाही. ते सापडते वैद्यकाच्या अहवालांत. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध जाहीरपणे मांडला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. १ ऑगस्ट १९६५ पासून ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली. कंपन्यांजवळ पैसा होता, परंतु पडदा हातचा गेला होता. आणि शर्यती तर पडद्यावर दिसतच होत्या.

११/ १ जानेवारी १९६८, दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी. ही शर्यत मला या साऱ्या इतिहासाची बिजागरी वाटते. स्कॉटलंडचा जिम क्लार्क हिरव्या-पिवळ्या लोटसमधून जिंकला; त्याचा २५ वा विजय, फांजिओच्या २४ विजयांच्या पुढचा. त्याच शर्यतीत रोडेशियाच्या जॉन लव्हची ब्रॅबहॅम 'गन्स्टन' सिगारेटच्या रंगात धावत होती. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. जिंकणारा हिरव्या रंगात होता.

१२/ त्याच महिन्यात न्यूझीलंडमध्ये क्लार्कची लोटस तांबडी, पांढरी आणि सोनेरी होऊन उतरली. 'गोल्ड लीफ', जॉन प्लेअर कंपनीचीच सिगारेट. लोटसचे मालक कॉलिन चॅपमन यांनी करार केला होता. ७ एप्रिल रोजी हॉकेनहाइमच्या फॉर्म्युला टू शर्यतीत क्लार्कची गाडी झाडांवर आदळली आणि तो गेला. त्या गाडीवरही तेच पाकिटाचे रंग होते. १२ मे रोजी त्याचा सहकारी ग्रॅहम हिल स्पेनची शर्यत याच रंगांत जिंकला आणि वर्षअखेर जगज्जेता झाला. पाच महिन्यांत सारे उलटले.

१३/ चॅपमन यांना खलनायक ठरवण्याची मला घाई नाही. तेल व टायर कंपन्या हात आखडता घेत होत्या, इंजिने महाग होत होती, आणि संघ चालवायचा तर पैसा कोठून तरी आणणे भाग होते. ज्यांना ही तडजोड मान्य नाही त्यांनी पर्याय सांगावा. परंतु ती तडजोड होती, हे सांगणेही तितकेच आवश्यक.

१४/ अमेरिकेत हाच प्रयोग थोड्या उशिरा, पण अधिक थेट झाला. १९७१ च्या जानेवारीत तेथे रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या; त्याच वर्षी नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेला 'विन्स्टन' सिगारेटचे नाव जोडले गेले. कायद्याने दार लावले आणि कंपनी खिडकीतून सहकुटुंब आत आली.

१५/ आता सर्टीझ. त्यांनी स्वतःचा संघ काढला आणि १९७६ मध्ये ड्युरेक्स या निरोधाच्या कंपनीचा पैसा घेतला. गाडीवर ते नाव पाहताच बीबीसीला संकोच वाटला आणि ब्रँड्स हॅच येथील शर्यतीचे प्रक्षेपण तिने नाकारले. शेजारी मार्लबोरोच्या तांबड्या-पांढऱ्या आणि जॉन प्लेअरच्या काळ्या-सोनेरी गाड्या उभ्या होत्याच. जीव वाचवणारी वस्तू अश्लील आणि जीव घेणारी शोभिवंत! त्या काळातील सभ्यतेची कल्पना समजून घ्यायची तर कोणत्याही समाजशास्त्रीय ग्रंथापेक्षा हा एक प्रसंग पुरेसा आहे.

१६/ पुढच्या काळात काही देशांनी सिगारेटचे नाव दाखवण्यास मनाई केली, तेव्हा जो खेळ सुरू झाला तो विनोदी आहे आणि म्हणूनच बोलका आहे. जॉर्डन संघाच्या पिवळ्या गाडीवर 'बेन्सन अँड हेजेस' लिहायचे नाही? मग १९९७ मध्ये गाडीवर साप काढून 'बिटन अँड हिसेस' लिहिले. पुढच्या वर्षी गांधीलमाशी आली आणि 'बझिन हॉर्नेट्स'. मॅक्लारेनवर 'वेस्ट' या सिगारेटच्या जागी, त्याच वळणाच्या अक्षरांत, चालकांची नावे 'मिका' आणि 'डेव्हिड'. अक्षर गाळले तरी वाचणारा वाचतोच, हे कंपनीला ठाऊक होते. रंग हीच सही होती.

१७/ १९९९ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीने थेट स्वतःचा संघच उतरवला. एक गाडी 'लकी स्ट्राइक'च्या रंगात आणि दुसरी आशियात खपणाऱ्या '५५५' च्या रंगात, असा बेत. दोन्ही गाड्या सारख्याच हव्यात असे नियामकांनी बजावले. मग काय, प्रत्येक गाडी मधोमध विभागली: एक बाजू एका सिगारेटची, दुसरी दुसरीची, आणि मध्ये रंगवलेली चेन! वर्षभरात त्या संघाला एकही गुण मिळाला नाही. (इतिहासाला कधीकधी विनोदबुद्धी असते.)

१८/ हसून झाले असेल तर १९९७ चे ब्रिटिश राजकारणही पाहा. निवडणुकीपूर्वी फॉर्म्युला वनचे सूत्रधार बर्नी एक्लस्टन यांनी मजूर पक्षाला १० लाख पौंड दिले होते. पक्ष सत्तेवर आला, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने तंबाखू जाहिरातबंदीतून फॉर्म्युला वनला सूट मागितली. बोभाटा झाल्यावर देणगी परत करण्यात आली. युरोपातील बंदी अखेर अमलात आली ती २००५ च्या जुलैअखेर.

१९/ बंदीनंतरही रंग गेला नाही, ही यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट. फेरारीवर मार्लबोरो हे नाव नाहीसे झाले आणि त्या जागी बारकोडसारख्या उभ्या रेघा आल्या. डॉक्टरांनी आक्षेप घेतल्यावर २०१० मध्ये त्या काढल्या. २०१८ मध्ये जपानच्या शर्यतीत त्याच कंपनीचे 'मिशन विनो' हे गूढ नाव प्रकटले. सुबारूच्या रॅली गाड्यांचा निळा-पिवळा तर '५५५' चाच. करार संपला, सिगारेटचे नाव गेले, निळा राहिला, आणि आज पुष्कळांना तो सुबारूचा जन्मजात रंग वाटतो.

२०/ म्हणूनच जुन्या गाड्यांची छोटी प्रतिरूपे आणि संगणकावरील खेळ यांतून सिगारेटचे नाव पुसून नुसते रंग ठेवण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयी मला शंका आहे. हेतू चांगला आहे. मुलांच्या हाती जाहिरात पडू नये हे मान्यच. परंतु नाव पुसून रंग ठेवणे ही नेमकी कंपन्यांचीच जुनी युक्ती. काळा-सोनेरी रंग पाहणाऱ्याच्या मनात सौंदर्य म्हणून उरतो आणि त्यामागचा व्यवहार नाहीसा होतो. संग्रहालयात गाडी मूळ अक्षरांसह ठेवावी आणि शेजारच्या पाटीवर पैसे कोणी, कोणत्या साली, कोणती बंदी चुकवण्यासाठी दिले ते लिहावे. तुम्ही छायाचित्र टाकाल तेव्हा दोन ओळी तुम्हीही लिहा.

२१/ 'हे परदेशातले झाले, आपल्याला काय?' असे कोणी म्हणेल. १९९० च्या दशकातील भारतीय क्रिकेट संघाची जर्सी आठवा, किंवा वडिलांना विचारा. छातीवर 'विल्स'. १९९६ चा विश्वचषकही 'विल्स'चाच. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेल्या सचिनने आपल्या बॅटवर तंबाखूचे नाव घेण्यास नकार दिला होता, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. वडिलांना दिलेला शब्द होता तो. बॅट त्याची होती, जर्सी मंडळाची. २००१ मध्ये 'विल्स' गेले आणि छातीवर 'सहारा' आले.

२२/ याच 'सहारा'पाशी मला थांबायचे आहे, कारण भारतात लिहिला गेलेला सर्वांत वाचनीय दानलेख २८ ऑक्टोबर २०१२ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध मार्गावर धावला. फोर्स इंडियाची गाडी: पांढऱ्या अंगावर केशरी आणि हिरवे पट्टे. गॉर्डन बेनेटच्या काळानंतर शंभर वर्षांनी भारताचा रंग शर्यतीत उतरला म्हणून आपण सारे हरखलो होतो. संघाचे ठाणे इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला, आणि त्या संघाकडून एकही भारतीय चालक कधी शर्यतीत उतरला नाही, हे त्या उत्साहात कोणाला आठवणार?

२३/ आता त्या गाडीवरची अक्षरे वाचू. 'किंगफिशर': विजय मल्ल्यांची बीअर आणि त्याच नावाची विमान कंपनी. शर्यतीच्या आठच दिवस आधी, २० ऑक्टोबरला, त्या विमान कंपनीचा परवाना निलंबित झाला होता. कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. 'सहारा': २०११ मध्ये १० कोटी डॉलर मोजून संघातील ४२.५ टक्के हिस्सा घेतलेला समूह. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच समूहाच्या दोन कंपन्यांना सुमारे २४,००० कोटी रुपये व्याजासह ठेवीदारांना परत करण्याचा आदेश दिला होता. ठेवीदार कोण? बहुतांशी लहान गावांतील लहान बचत करणारी माणसे.

२४/ पगार न मिळालेल्या तंत्रज्ञाला आणि ठेव अडकलेल्या शिक्षिकेला ते केशरी-हिरवे पट्टे कसे दिसले असतील, याचा विचार मी त्या दिवशी केला नव्हता. बहुतेक कोणीच केला नसावा. गाडीवर देशाचा रंग असला की खालची अक्षरे वाचणे आपल्याला देशद्रोहासारखे वाटते. राष्ट्रीय रंगाचा हाच मोठा उपयोग, आणि तो १९३४ च्या जर्मनीतही ठाऊक होता. दोन्हींची तुलना गुन्ह्याच्या मापाने मुळीच करता येणार नाही. युक्ती तेवढी एक आहे.

२५/ त्याच शर्यतीत फेरारीच्या तांबड्या गाड्यांवर इटलीच्या नौदलाचे निशाण होते. त्या वर्षी फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्याजवळ 'एन्रिका लेक्सी' या तेलवाहू जहाजावरील इटालियन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले होते. दोन नौसैनिकांवर भारतात खटला सुरू होता, आणि फेरारीने त्यांच्या पाठिंब्यासाठी ते निशाण लावले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने नापसंती व्यक्त केली. निशाण राहिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात बंद झाले २०२१ च्या जूनमध्ये, १० कोटी रुपयांच्या भरपाईनंतर.

२६/ त्या दिवशीची छायाचित्रे आजही सहज मिळतात. एकाच चौकटीत तांबडी फेरारी आणि तिरंगी पट्ट्यांची फोर्स इंडिया. पुढे २०१७ मध्ये फोर्स इंडियाच्या गाड्या ऑस्ट्रियातील एका जलशुद्धीकरण कंपनीच्या रंगात, नखशिखान्त गुलाबी झाल्या. २०१८ च्या जुलैत संघ दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि नव्या मालकांकडे गेल्यावर त्याच्या नावातून 'इंडिया' हा शब्दही गळाला. गुलाबी रंग राहिला.